येस्परचं कपाळ

"डोकी खाली घ्या रे!" हार्नो ओरडला आणि पहिला दगड गाडीच्या बाजूला धाडकन बसला.

पोलिसांची चिलखती गाडी होती. परगावी सामना असला की बस काही कामाची नाही, तिच्या काचा पहिल्याच चौकात खाली येतात. म्हणून टीमला अशा लोखंडी पेट्यांत कोंबून मैदानात न्यायचं. गुडघ्याला गुडघा, बुटांच्या पिशव्या मांडीवर, वर जाळीतला एक मरतुकडा दिवा. बाहेर ढोल, शिट्ट्या आणि आईबहिणीवरून शिव्या.

येस्पर हेडलुंड सगळ्यात आत बसला होता. साडेसहा फुटांचा माणूस, टीममधला एकटा स्वीडनचा. डोकं छताला लागायचं म्हणून मान मोडल्यासारखी वाकवून, दोन्ही हात डोक्यावर धरून बसलेला.

समोर गोलकीपर योयोक होता. भीती वाटली की त्याची जीभ सुटते.

"काय मिस्टर, तू का थरथरतोस? तुला काय करणार आहेत? आधी तुझ्याबरोबर फोटो काढतील."

"आणि मग?" कुणीतरी विचारलं.

"मग मारतील. पण फोटो चांगला येईल."

पेटीभर हशा पिकला. दुसरा दगड बसला तसा तो बंद पडला. येस्परही हसला होता, जरा उशिराच. दगडांचं त्याला काही वाटत नव्हतं, लोखंड जाड होतं. त्याला धास्ती होती ती खड्ड्यांची. गाडी खड्ड्यात आपटली की कवटीच्या आत काहीतरी सुटं असल्यासारखं हलायचं आणि डाव्या डोळ्यापुढे पांढरं पसरायचं. दूध सांडल्यासारखं. ते ओसरेपर्यंत तो मनातल्या मनात आपलं नाव म्हणत राहायचा. येस्पर, येस्पर, येस्पर. नाव आठवतंय ना? मग अजून ठीक आहे.

कुणालाच माहीत नव्हतं. फिजिओला सांगितलं होतं, ऊन सोसत नाही. आईला फोनवर सांगितलं होतं, झोप कमी होते.

झालं होतं एवढंच. गेल्या महिन्यात घरच्या मैदानावर हेडरला उडाला, आणि समोरच्या टीमचा दणकट गडी पण उडाला. कवटीवर कवटी. नारळ फुटल्यासारखा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला म्हणतात. येस्पर उठला, अंगठा दाखवला, सामना खेळून संपवला. रात्री क्लबने ठेवलेल्या हॉटेलात आपली खोली कुठली तेच त्याला आठवेना. चावी हातात धरून तो बराच वेळ जिन्यात बसून राहिला. शेवटी झाडूवाल्या बाईने हाताला धरून दारापाशी नेलं, वर हसून म्हणाली, "मिस्टर, आज जास्त झाली वाटतं." तोही हसला. दारू प्यायलाय असं वाटलं तर बरंच होतं.

सांगितलं असतं तर काय झालं असतं ते त्याला पाठ होतं. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. मोसमाच्या मध्यात खेळाडू बदलायची मुभा असते आणि ती अजून संपली नव्हती. क्लबचे मॅनेजर हेंदार्तोसाहेब परवाच जेवताना सगळ्यांदेखत म्हणाले होते, "परदेशी खेळाडू म्हणजे बल्ब. गेला की बदलायचा. बल्बवर कुणी रडतं का?" आणि येस्परच्या ताटात स्वतःच्या हाताने कोंबडीची तंगडी वाढली होती. एक ब्राझीलचा स्ट्रायकर जकार्तात येऊन बसलाय हे तर आचाऱ्यालाही माहीत होतं.

गाडी थांबली. दार उघडलं. पोलिसांनी ढालींचा बोगदा केला आणि एकेक जण वाकून पळत आत गेला.

ड्रेसिंग रूममध्ये एकच खिडकी, तीही पुठ्ठा लावून बंद केलेली. येस्पर बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकला आणि जमीन वर आली. तो ताठ बसला. नाड्या तशाच सोडून भिंतीवरच्या खुंट्यांकडे बघत राहिला.

अशा किती खुंट्या झाल्या. अठराव्या वर्षी त्याने स्वीडनमधलं आपलं गाव, ल्युस्दाल, सोडलं. आधी नॉर्वेत, जिथे गावभर माशांचा वास आणि प्रेक्षकांपेक्षा समुद्रपक्षी जास्त. मग सायप्रस. मग माल्टा. मग मलेशिया. आणि आता हे जावाचं गाव. कुठेच पुतळा होण्यासारखं काही केलं नाही. कुठे लोकांनी खांद्यावर घेतलं, कुठे बाटल्या मारल्या, एका गावात तर एकाच आठवड्यात दोन्ही. काम मात्र सगळीकडे एकच. उंच उडायचं आणि कपाळ मारायचं. पाय त्याचे साधारण होते, त्यालाही ठाऊक होतं. पण कपाळ होतं, लाखात एक.

ते बापाने घडवलेलं. बाप बस चालवायचा. हिवाळ्यात अंगणात कमरेएवढा बर्फ, म्हणून त्याने कोठाराच्या तुळईला दोर बांधून चेंडू टांगला होता. तिकडे त्या सांगाड्याला फाशीचा खांबच म्हणतात. पोरगं तोंडातून वाफा सोडत उड्या मारायचं. ठक. ठक. बाप खोक्यावर बसून कॉफी पीत म्हणायचा, "डोळे उघडे ठेव रे. मिटलेस की चेंडू तुला मारतो."

गेल्या उन्हाळ्यात घरी गेला तेव्हा पेट्रोल पंपावर टोर्बयोर्न भेटला. जन्मभर हेडर मारलेला ल्युस्दालचा जुना स्ट्रायकर, येस्परचा लहानपणीचा देव. "कधी आलास?" टोर्बयोर्नने विचारलं. येस्परने सांगितलं. टोर्बयोर्न बर्फाबद्दल बोलला, माशांबद्दल बोलला, मग म्हणाला, "अरे येस्पर! कधी आलास?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गाडीत बसलेल्या त्याच्या बायकोने काच खाली केली आणि येस्परकडे नुसतं बघितलं. ते बघणं येस्परच्या मनातून काही निघत नव्हतं.

"चला रे! कपाळ!" योयोकने टाळी वाजवली.

हा या टीमचा स्वतःचा रिवाज होता. एरवी जावात कुणाच्या डोक्याला हात लावणं म्हणजे शिवी दिल्यासारखंच, लहान भाऊसुद्धा लावून घेत नाही. पण येस्परच्या पहिल्या सामन्याआधी मालिश करणारे म्हातारे साबार यांनी त्याला सर्दी झाली म्हणून कपाळाला कायापुटीचं तेल चोळलं होतं, आणि त्याच दिवशी त्याने दोन हेडर आत घातले. झालं. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी साबार तेल लावणार आणि एकेक जण "माफी असावी हं, मिस्टर" असं म्हणून त्या कपाळाला तळवा टेकवणार. माफी मागितल्याशिवाय नाही. एकदा एकाने घाईत माफी मागितली नाही आणि सामना हरले, तर त्याला आठवडाभर कुणी बुटाची नाडी उसनी दिली नाही.

येस्पर बाकावर बसला. साबारांनी तेल लावलं. तेलाचा वास नाकातून थेट मेंदूत चढला आणि पांढरं पसरायला लागलं.

"माफी असावी, मिस्टर." एक तळवा.

"माफी असावी." दुसरा. हा जरा जोरात.

येस्पर, येस्पर, येस्पर.

"माफी असावी हं, साहेब, आज दोन पाहिजेत!" योयोकने टपली मारल्यासारखा हात ठेवला. पांढऱ्याच्या आत काहीतरी लखलखलं. येस्परने दात आवळले. घाम पाठीवरून खाली चालला होता.

शेवटी हार्नो आला. कॅप्टन, येस्परपेक्षा दोन वर्षांनी मोठा. सगळे कॉर्नर हाच मारायचा. हार्नोने मान लववली, "माफी असावी," म्हणाला आणि हात पुढे केला.

आणि येस्परचं डोकं मागे गेलं. त्याने नेलं नाही, ते गेलं. गरम तव्यापासून हात जातो तसं.

बाहेर तीस हजार माणसं बोंबलत होती, दगड मारत होती, त्याचं इथे कुणाला काही वाटलं नव्हतं. पण आता योयोकचं तोंड पांढरंफटक पडलं. मिस्टरने कपाळ मागे घेतलं. कॅप्टनच्या हातातून मागे घेतलं.

"अपशकुन..." कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं.

हार्नोचा हात अजून हवेतच होता. त्याने तो हळूच स्वतःच्या नाकापाशी नेला आणि हुंगला. "माझ्या हाताला सुक्या मासळीचा वास येतोय. कोण बसेल समोर? चला, उठा, पाया पडा आपापल्या देवाच्या."

कुणी हसलं नाही. सगळे उठले मात्र.

पहिल्या अर्ध्या खेळात तीन चेंडू येस्परच्या कपाळासाठी आले. तिन्ही वेळा तो उडाला. तिन्ही वेळा निमिषभर उशिरा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय नशीब फुटकं, बोटभर हुकला. माणूस सोळा वर्षं एकच काम करतो तेव्हा ते बिघडवणंही त्याला बेमालूम जमतं. चेंडू केसांना वारा घालून जायचा आणि येस्परला सुटल्यासारखं वाटायचं, की लगेच पुढच्या चेंडूची भीती.

प्रेक्षकांना मात्र मजा आली. "ए जिराफ! मान कुठे विसरलास?" "खांब्या, दिवा लाव दिवा!"

हाफटाइमला गोल शून्य-शून्य. कोचने पाण्याची बाटली भिंतीवर फेकली.

"मिस्टर! तुला मी डोक्यासाठी आणलाय! पायासाठी माझ्याकडे गल्लीभर पोरं आहेत!"

"हो, कोच."

"हो काय हो? काय होतंय तुला?"

"ऊन," येस्पर म्हणाला.

"ऊन? स्वीडनचा बर्फ मागवू का तुझ्यासाठी?"

हेंदार्तोसाहेब दारात उभे राहून फोनवर हळू आवाजात बोलत होते. बोलता बोलता त्यांनी येस्परकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

नमाजाआधी हातपाय धुवायचा नळ मागच्या बाजूला होता. येस्पर तिथे जाऊन डोक्यावर पाणी घेत होता. शेजारचा नळ सुरू झाला. हार्नो.

"कधीपासून?" हार्नोने विचारलं. तो स्वतःचे पाय धूत होता, वर बघतही नव्हता.

"काय कधीपासून?"

"येस्पर." टीममध्ये त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. "माझ्या हातून माझी लहान पोरगी पण डोकं काढून घेत नाही. कधीपासून?"

येस्परने नळ बंद केला. "त्या धडकेपासून."

"त्यानंतर दोन गोल मारलेस की तू."

"एक दिसला. दुसरा लोक ओरडले तेव्हा कळला."

हार्नोने पाय धुवायचे थांबवले. "म्हणजे?"

"पांढरं होतं रे, दादा. सगळं पांढरं. काही दिसत नाही. आवाज लांबून येतो. आणि मग मी कुठल्या गावात आहे ते... थोडा वेळ लागतो." येस्परने दोन्ही हातांनी नळ पकडला होता. "कुणाला सांगू नकोस. जकार्तात तो ब्राझीलवाला बसलाय."

"बसू दे त्याला. तुझं काय?"

"मला दुसरं काही येत नाही. चौतीस वर्षांचा झालो, मला ट्रॅक्टर पण चालवता येत नाही."

हार्नोने आपला नळ बंद केला. आतून कोचचा आवाज येत होता.

"मला सांगितलंस ते वाईट केलंस," तो म्हणाला. "आता मलाही भीती वाटणार. मी कॉर्नर मारतो म्हणजे काय करतो, माहितीये? मैदान बघत नाही, गोल बघत नाही. नुसता पाय फिरवतो. माझा पाय तुझ्या कपाळालाच शिकलाय. दुसरीकडे मारायला गेलो तर चेंडू मशिदीच्या आवारात जाईल."

येस्परला हसू आलं आणि त्याबरोबरच उलटीही आली. त्याने ती गिळली.

"मी तुला खेळ म्हणणार नाही, खेळू नको पण म्हणणार नाही," हार्नो म्हणाला. "पण तू उभा राहिलास तर चेंडू तिथेच येणार, एवढं समज. माझ्या पायाला दया नाही."

दुसऱ्या अर्ध्यात सूर्य समोर आला. टीम मागे मागे सरकत होती, योयोक वेड्यासारखा उड्या मारत एकेक वाचवत होता. खेळ संपत आला. अजून गोल नव्हता. हरलो तर लीगच्या खालच्या श्रेणीत जायचं, बरोबरीत सुटलो तरी जवळपास तेच. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, उजवीकडून कॉर्नर मिळाला.

सगळे पुढे धावले. येस्पर गोलसमोर आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. पाय आपोआप तिथे गेले. समोरच्या टीमचे दोघे त्याला बिलगले, एकाने जर्सी धरली, एकाने कोपर बरगडीत घातलं.

"काय रे आजोबा, उडायचं का झोपायचं?" कोपरवाला कानात म्हणाला.

तिकडे कोपऱ्यात हार्नोवर बाटल्यांचा पाऊस चालला होता. चार पोलिसांनी त्याच्यावर ढाली धरल्या. त्या ढालींच्या छपराखाली त्याने चेंडू ठेवला, दोन पावलं मागे गेला, हात वर केला. हात वर म्हणजे आता मारतोय.

पण त्याने मारला नाही.

रेफरीने शिट्टी वाजवली. हार्नो तसाच उभा. हात वर, नजर येस्परवर. पुन्हा शिट्टी. कोच काठावरून किंचाळला, "मार की! मार!" योयोकसुद्धा मागून ओरडत होता. हार्नो दगडासारखा उभा होता आणि बाटल्या ढालींवर आपटत होत्या. रेफरी धावत गेला, त्याने पिवळं कार्ड दाखवलं. हार्नोने कार्डाकडे बघितलंही नाही.

येस्परला समजलं. तो थांबलाय तो माझ्यासाठी.

त्याने हार्नोकडे बघितलं. डावीकडचा अर्धा हार्नो पांढऱ्यात गेला होता. अजून चेंडूला डोकं लावलेलंही नाही, तरी गेला होता. आजवर तो एकाच गोष्टीला घाबरत आला होता. घरी परत जावं लागेल. आज पहिल्यांदा दुसरी भीती तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, की घरी जाईन आणि घर ओळखूच येणार नाही. आई दार उघडेल आणि आपण विचारू, कधी आलीस?

दोन्हींत मोठी कुठली हे बघायला त्याला फार वेळ लागला नाही.

तो खाली बसला. धडपडला नाही, पडल्याचं सोंग केलं नाही. गवतावर मांडी घालून बसला, जेवायला बसतात तसा, आणि हात वर केला.

अख्ख्या मैदानाने शिव्यांचा गजर केला. "नाटकी! नाटकी!" कोपरवाला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता काय, गादी आणू?" स्ट्रेचरवाले धावत आले. येस्पर नको म्हणाला. फिजिओच्या खांद्याला धरून उठला आणि चालत निघाला. जाताना तो हार्नोच्या जवळून गेला. पोलिसांनी येस्परवरही ढाली धरल्या, पण त्यांचे हात तेवढे उंच पोचेनात. एक बाटली त्याच्या खांद्याला लागली. हेंदार्तोसाहेबांनी फोन कानाला लावला. त्याच्या जागी एक बुटका, चपळ गडी आत गेला, जाताना तीनदा जमिनीला हात लावून.

येस्पर बाकावर बसला. म्हातारे साबार शेजारी होते. त्यांनी ओला टॉवेल त्याच्या मानेवर टाकला आणि आपला हात तिथेच राहू दिला.

कोपऱ्यात हार्नोने पुन्हा हात वर केला. या वेळी थांबला नाही.

चेंडू उठला. असा कॉर्नर त्याने वर्षभरात मारला नव्हता. ढालींच्या वरून निघाला, उन्हात गेला, वळला, आणि बरोबर तिथे उतरायला लागला जिथे उतरायचा. बुटका गडी जीव खाऊन उडाला, पण चेंडू त्याच्या केसांच्या फूटभर वरून जाणार होता.

बाकावर येस्परची मान ताणली गेली. खांदे मागे गेले, पोट आत गेलं, टाचा जमिनीत रुतल्या, आणि नेमक्या त्या क्षणी त्याचं कपाळ झटकन पुढे गेलं. डोळे सताड उघडे. टॉवेल उडून पुढे गवतावर पडला.

चेंडू रिकाम्या हवेतून पलीकडे निघून गेला.

साबार उठले, वाकून त्यांनी टॉवेल उचलला, झटकला, आणि परत त्याच्या मानेवर घातला.